मंदीआधीची बेगमी

वैशाखाचे ऊन मी म्हणत असते, पावसाला अजून महिनाभर अवकाश असतो, आणि तरीही कोकणातल्या घरात जळाऊ लाकूड पडवीत रचले जाते. घाटावर गच्चीगच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत पडलेले असतात. वर्षाचे तिखट कुटून झालेले असते, डाळ भरून ठेवलेली असते. या सगळ्याला आपल्याकडे एक छान शब्द आहे, बेगमी. या शब्दात घबराट नाही. पाऊस येणार आहे आणि तो आला की बाहेरून काही आणणे अवघड जाणार आहे, एवढेच त्यात धरून चाललेले असते. पैशाच्या बाबतीत मात्र आपण असे वागत नाही. मंदी आली की घरात तिच्याखेरीज दुसरे बोलणे नसते, आणि ती नसते तेव्हा तिचे नाव काढणारा अभद्र ठरतो. "चाललंय ना नीट? मग कशाला वाईट बोलायचं?" हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

वास्तविक वाईट दिवस ही काही सात पिढ्यांतून एकदा घडणारी गोष्ट नाही. आज साठी उलटलेल्या मराठी माणसाने १९७२ चा दुष्काळ बालपणी पाहिला, १९८२ चा गिरणी संप तरुणपणी. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलै महिन्यात सुमारे ४७ टन सोने इंग्लंडला पाठवून देशाने वेळ मारून नेली. घरातल्या पाटल्या गहाण टाकण्याची पाळी देशावरही येते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांना शिवून आलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेआठ हजारांच्या आसपास आला होता. २०२० मध्ये तर सारा देशच कुलूपबंद झाला आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्क्यांनी आकसले. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा देशात मंदी नव्हती. पण त्या बारा हजारांच्या घरी ती आलीच. मंदीचे पंचांग नसते इतकेच. येणे-जाणे तिचे चालूच असते.

प्रश्न असा की, अशा दिवसांत काही घरे मोडतात आणि काही वाकून पुन्हा उभी राहतात, ती कशामुळे? मिळकत बुडाली की घर बुडते, हे सोपे उत्तर. ते अर्धेच खरे आहे.

थोडे मागे जाऊन १९३० च्या दशकातला आपला शेतकरी पाहू. अमेरिकेतल्या शेअरबाजारात १९२९ साली सुरू झालेली पडझड आपल्या खेड्यांत पोचली ती शेतमालाच्या भावांतून. दोन-तीन वर्षांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. आता खाण्यापुरती ज्वारी ज्याच्या कणगीत होती, त्याला भाव पडल्याने उपाशी राहण्याचे कारण नव्हते. त्याला मारले ते रोखीच्या देण्यांनी. शेतसारा रुपयांत ठरलेला, सावकाराचे व्याज रुपयांत ठरलेले. जो सारा एक पोते विकून भागत होता, त्याला आता दोन पोती लागू लागली. पीक तेच, कष्ट तेच, कर्ज मात्र न घेताच दुप्पट झाले! मग घराघरातले सोने बाहेर निघाले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, रुपयांतला सोन्याचा भाव चढला आणि पुढची काही वर्षे मुंबई बंदरातून सोने परदेशी जात राहिले. शतकानुशतके बाहेरचे सोने गिळणारा हा देश सोन्याची निर्यात करू लागला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या प्रकाराचे वर्णन एका ओळीत येते. पण ते सोने म्हणजे कुणाच्या तरी गळ्यातले, हातातले डाग होते.

मिळकत खाली येते आणि देणे जागचे हलत नाही, या दोहोंच्या मधल्या फटीत घर सापडते. ही एक गोष्ट ध्यानात आली की बेगमी कशाची करायची हेही कळते.

आता गिरणगावाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि लाखाच्या घरात माणसे कायमची कामाबाहेर राहिली. संप म्हणजे मंदी नव्हे, हे मान्य. पण पगार अचानक बंद झाला आणि तो कधी सुरू होईल हे कुणीच सांगू शकत नाही, अशा अवस्थेत इतकी घरे एकदम सापडल्याचे हे आपल्या शहराच्या इतिहासातले एक मोठे उदाहरण आहे. ती वर्षभर आणि त्याहूनही अधिक कशी तगली?

उत्तर शोधू गेले की तीन गोष्टी हाती लागतात. एक, खोलीचे भाडे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचे भाडे जवळपास गोठलेले होते. एकेका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत, त्यामुळे माणशी तर ते नगण्यच. दुसरी गोष्ट गाव. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर इथला कामगार एक पाय गिरणीत आणि एक पाय शेतात ठेवून होता. संप लांबला तसे हजारोंनी गाव गाठले. तिसरी गोष्ट घरातली बाई. गिरणगावातल्या खानावळी बायकाच चालवत. त्यांना वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायकांपर्यंत पोचवले. सांगण्याचा मुद्दा असा की, या कामगाराची मिळकत कमी होती, पण दर महिन्याला ज्याला टाळाच देता येत नाही असे देणेही कमी होते.

या आठवणींवर गुलाबपाणी शिंपडायचे कारण नाही. त्या घरांतली मुले शाळेतून निघाली, डाग मोडले, माणसे दारूला लागली, काही पोरे भलत्या वाटेने गेली. आणि एक मर्मही तिथेच उघडे पडले. गिरणी बंद पडली तेव्हा एकट्या कामगाराचा पगार थांबला नाही. त्याच्यावर जगणारा वाणी अडचणीत आला, भिशी बंद पडली, आणि जेवायला येणारेच गावी गेल्यावर खानावळ तरी कुणाच्या जिवावर चालणार? ज्या आधारांवर भिस्त होती ते सगळे त्याच एका भोंग्यावर चालत होते.

त्या कामगारासमोर आजचे सुस्थितीतले जोडपे उभे करून पाहावे. समजा, पुण्यात तो साठ हजार मिळवतो आणि ती पन्नास. चाळीस लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा हप्ता सुमारे ३४,७००. गाडीचा हप्ता साडेनऊ हजार. शाळेची फी, विम्याचे हप्ते, सोसायटीचे मेंटेनन्स, वीज, फोन, आईवडिलांची औषधे धरली की सत्तर हजारांच्या घरात रक्कम जाते, आणि अजून चूल पेटलेली नाही! किराणा, दूध, भाजी, गॅस यांचे वीस हजार धरा. म्हणजे नव्वद. वरचे वीस हजार हे त्यांचे सुख: हॉटेल, सहल, कपडालत्ता. उद्या त्याची नोकरी गेली, तर सुख बाजूला ठेवूनही दर महिन्याला चाळीस हजारांचा खड्डा पडतो. बँकेत दोन लाख चाळीस हजार शिल्लक असतील तर ते घर सहा महिने तगेल. चाळीतला तो कामगार याच्या एक दशांशही सुखात नव्हता; पण सहा महिन्यांत तो गुडघ्यावर आला नव्हता.

आपली मुदत किती, हे प्रत्येक घराने एकदा काढून पाहावे. गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे समोर घ्यावेत आणि दोन पेन्सिली. जो खर्च आपण ठरवले तर या महिन्यातच थांबवू शकतो त्याला निळी खूण, आणि जो आपल्याला न विचारता एक ते सात तारखेच्या दरम्यान परस्पर कापला जातो त्याला तांबडी. पूर्वी पगाराचे पाकीट घरी यायचे, त्यातून भाड्याचे, दुधाचे, वाण्याचे पैसे मोजून वेगळे काढले जायचे. पैसा जाताना दिसायचा. आता तो फोनच्या एका 'टिंग'मध्ये जातो. तांबड्या खुणांची बेरीज बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ती पाहिल्यावर पहिल्यांदा नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात!

शिल्लक वाढवणे हा एक मार्ग झाला, आणि सगळे सल्लागार तोच सांगतात: सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. सल्ला चांगला आहे, पण महागाईत मध्यमवर्गीयाला तो गाठायला वर्षे लागतात. तांबड्या खुणा कमी करणे हा दुसरा मार्ग जास्त लवकर फळतो. वरच्याच जोडप्याने गाडी विकली, तर हप्ता आणि तिचे पेट्रोल-विमा मिळून तेरा हजार वाचतात. खड्डा सत्तावीस हजारांवर येतो आणि त्याच शिलकीत सहाचे जवळजवळ नऊ महिने होतात. मात्र गाडी विकायची ती नोकरी असताना. मंदीत सगळेच गाड्या विकायला काढतात आणि तेव्हा जी किंमत येते तिच्यातून उरलेले कर्जही फिटत नाही.

गृहकर्जाच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती नेहमीच्या सल्ल्याच्या उलट आहे. बोनस मिळाला, जमीन विकली, हातात दोन लाख आले की लोक ते कर्जात भरतात, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. व्याज वाचते, हिशेब बरोबर आहे. पण ज्याला आपल्या नोकरीची खात्री वाटत नाही, त्याच्या दृष्टीने दोन लाख गेले आणि पुढच्या महिन्याचा हप्ता जसाच्या तसा राहिला! अशा माणसाने एक तर ते पैसे हाताशी ठेवावेत किंवा बँकेला सांगून मुदतीऐवजी हप्ता कमी करून घ्यावा. व्याज थोडे जास्त जाईल. ती त्या निश्चिंतीची किंमत समजावी.

हप्ता लांबणीवर टाकण्याच्या सवलतीचा अनुभव आपण २०२० मध्ये घेतला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची मुभा दिली आणि पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. अनेकांना वाटले, सहा हप्ते माफ झाले. माफ काहीच झाले नव्हते. व्याजावरचे व्याज सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना पुढे परत केले, पण मूळ व्याज चढतच होते. चाळीस लाखांच्या वरच्याच कर्जात पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २८ हजारांहून अधिक निव्वळ व्याज असते. कर्ज नवे असताना सहा महिने थांबलेल्याला, हप्ता तोच ठेवला तर, २४० ऐवजी सुमारे २७० हप्ते भरावे लागतात. ज्याच्या घरी खरोखर चूल थंडावली होती त्याने ती सवलत घेतली हे योग्यच झाले. पगार चालू असताना 'मिळतेय तर घ्या' म्हणून घेतली त्यांनी महाग उधारी केली.

आणि हप्ता चुकणारच असेल तर बँकेत जाऊन ते आधी सांगावे. ९० दिवस थकल्यावर खाते अनुत्पादक ठरते, मग घर तारण असेल तर ६० दिवसांची नोटीस येते आणि मग व्यवस्थापकाच्या हातातही फारसे काही उरत नाही. आपला माणूस नेमका याच तीन महिन्यांत बँकेचे फोन उचलायचे बंद करतो.

शिल्लक कुठे ठेवायची, हा प्रश्न महाराष्ट्रात जरा जास्तच नाजूक आहे. इथे गल्लोगल्ली सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत, आणि तिथे बसलेला माणूस ओळखीचा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांसाठी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या ठेवीदारांची नोकरी गेलेली नव्हती, तरी घरात पैसा नव्हता. ठेवींच्या विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली: एका ठेवीदाराला एका बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून. सहकारी बँकांना हे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवणाऱ्या निवृत्त मंडळींनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. अडीअडचणीची रक्कम दोन बँकांत असावी, आणि पाच लाखांची एकच मुदत ठेव करण्याऐवजी पन्नास-पन्नास हजारांच्या दहा कराव्यात, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येते.

त्याच ओळखीपाळखीच्या जगातला दुसरा सापळा म्हणजे जामीनकी. "नुसती सही पाहिजे, भाऊजी," असे म्हणत माणूस घरी येतो. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याच्याकडे जाईल आणि मग आपल्याकडे, असा काही क्रम तिला पाळावा लागत नाही. बरे दिवस असताना केलेली सही मंदीतच पाठीवर येते, कारण तेव्हाच कर्जदार थकतो. नाही म्हणताना नाते थोडे दुखावते खरे. त्यापेक्षा झेपेल तेवढी रक्कम हातउसनी देऊन विसरून जाणे परवडले.

आजारपणाचे निराळे. कंपनीने काढून दिलेला आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो, आणि नोकरी गेल्याच्या धक्क्यातच घरात कुणाचा तरी रक्तदाब चढतो. स्वतःची लहानशी का होईना कुटुंबाची पॉलिसी नोकरी असतानाच घेतली तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ तोवर उलटून जातो. ही एक तांबडी खूण मात्र कमी करू नये.

गिरणगावातला तो एकच भोंगा आजही वाजतो, फक्त ऐकू येत नाही. नवरा-बायको एकाच कंपनीत, निदान एकाच धंद्यात. कंपनीनेच दिलेले शेअर. आणि फ्लॅट त्याच आयटी पार्कच्या शेजारी, ज्याची किंमतही त्या कंपन्यांच्या भरतीवर वर-खाली होते. दिसायला चार आधार, प्रत्यक्षात एकच. सगळे बदलता येत नाही हे कळते. पण कंपनीचे शेअर विकून त्यांचे दुसरे काही करणे, दोघांपैकी एकाने शिकवणी, हिशेब लिहिणे, भाषांतर, डबे असे एखादे निराळे काम जिवंत ठेवणे, एवढे बहुतेकांना जमण्यासारखे असते. गावचा आधार आता फारसा धरू नये. सातबाऱ्यावर नाव असले तरी ते अकरा चुलतभावांबरोबर असते, आणि २०२० मध्ये कोकणात गेलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस काढताना आपलेच लोक कसे पाहतात हेही कळले.

सोन्याबद्दल विचारले जातेच. अडचणीत सोने कामी येते, यात शंका नाही. पण वळी, नाणी कामी येतात तसे दागिने येत नाहीत. घडणावळ तर गेलेलीच असते. आणि विकण्याआधी तारण ठेवून बँकेचे कर्ज मिळते का ते पाहावे. यात मला खटकते ते निराळेच: वाईट दिवस आले की घरातली पहिली विकायची वस्तू तिचे मंगळसूत्र किंवा बांगड्या असते, आणि त्याची दुचाकी शेवटपर्यंत 'लागते'. स्त्रीधन तिचे आहे. ते कधी आणि कशासाठी निघेल, हे तिने ठरवायचे आहे.

आणि हे सगळे ज्याच्यावाचून अडते ती गोष्ट म्हणजे घरात बोलणे. नोकरी गेल्यावर महिनोन्महिने डबा घेऊन घराबाहेर पडणारी आणि बागेत किंवा वाचनालयात दिवस काढणारी माणसे ही काही कथेतली पात्रे नव्हेत. लाजेपायी जो काळ जातो त्यात पगार येत असल्यासारखाच खर्च चालू राहतो, आणि शिलकीचे नेमके पहिले महिने वाया जातात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे चांगल्या खात्यापित्या घरची माणसे खडी फोडायला बसली. मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन त्यांनी पाझर तलाव आणि नालाबांध घातले. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले, आणि देशाने २००५ मध्ये केलेल्या कायद्यामागेही हाच अनुभव होता. शेजारी पाटीलही खडी फोडतोय म्हटल्यावर लाज कुणाला वाटायची! शहरात फ्लॅटचे दार बंद असते, त्यामुळे शेजारी काय फोडतोय ते दिसत नाही.

तेव्हा एखाद्या रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, दोघांनी बसून एका कागदावर लिहून काढावे: पगार बंद झाला तर पहिल्या महिन्यात काय थांबवायचे, तिसऱ्या महिन्यात काय, सहाव्या महिन्यात काय विकायचे आणि काय कोणत्याही परिस्थितीत विकायचे नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सोबत बसवायला हरकत नाही. कोणता क्लास सोडता येईल हे ती आपल्यापेक्षा लवकर सांगतात. ठेवी, पॉलिसी, कर्जखाती कुठे आहेत आणि वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे हेही त्याच कागदावर यावे. वर तारीख घालावी, घडी करून कपाटात रेशनकार्डाजवळ ठेवावा, आणि पुढच्या वर्षी कुरडया घालायच्या सुमारास काढून पुन्हा लिहावा. रकमा तोवर बदललेल्या असतात.